पांढऱ्या भांड्याचा हट्ट

मळ्यात पक्का संडास बांधायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे नवसाबाईंनी, दोनच अटी घातल्या. भांडं पांढरंशुभ्र पाहिजे आणि आत शंभरचा दिवा पाहिजे. सोमा गवंडी त्यांना समजावून दमला. हिरवं घ्या, निळं घ्या, त्यावर डाग दिसत नाहीत, सगळे तेच नेतात, असं त्याचं म्हणणं. "डाग दिसत नाय म्हनून तर नको," एवढं बोलून त्या पुन्हा शेपूच्या जुड्या बांधायला बसल्या. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मला राग आला होता, कारण ते भांडं घासून पांढरं ठेवायचं काम कोणाच्या गळ्यात पडणार हे उघड होतं.

त्या हट्टामागे काय होतं ते कळायला मला आणखी नऊ वर्षं लागली. मी शाळेत शिकवते, दुसऱ्यांच्या पोरांच्या चेहऱ्यावरून त्यांनी गृहपाठ केलाय की नाही ते ओळखते, आणि रोज ज्या बाईला ताट वाढत होते तिच्या मनातलं मला ओळखता आलं नाही. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

नवसाबाईंचं माहेर नामपूरचं. घरात कांदा आणि बोलण्यात अहिराणी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या मखमलाबादच्या दीड एकर मळ्यात आल्या आणि इथल्यासारखं बोलायला शिकल्या. अहिराणी फक्त फार घाबरल्या की तोंडातून निसटायची. माझे सासरे भिमाजी, त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. नवराबायकोने कामं वाटून घेतली होती. तात्या पिकवायचे, आत्याबाई विकायच्या. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, लाल माठ. पहाटे भाजी उपटायची, हौदात धुवायची, जुड्या बांधायच्या, आणि ऊन वर यायच्या आत आत्याबाई पाट्या घेऊन पंचवटीत गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, पोचलेल्या असायच्या. त्यांची बसायची जागा इतकी ठरलेली की एखाद्या दिवशी त्या दिसल्या नाहीत तर गिऱ्हाईकं शेजारणीला विचारत, नवसाबाई बऱ्या आहेत ना.

भाजीच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. पाणी मारून टवटवीत केलेली जुडी कितीही छान दिसली तरी त्या देठाला नख लावायच्या. नख ओलं झालं तर भाजी आजची, कोरडं राहिलं तर कालची. वरून बघून काय कळतंय, असं म्हणायच्या. गिऱ्हाईकाने नख लावून पाहिलं तर त्यांची हरकत नसे. नख न लावता नुसतंच नाक मुरडणाऱ्या बाईला मात्र त्या अशा काही वाटेला लावायच्या, की ती पुढचे आठ दिवस बाजाराच्या दुसऱ्या टोकाने शिरायची.

मी शहरातल्या इंदिरानगरची. आमच्या घरी भाजी पिशवीतून यायची, ती जमिनीतून उपटावी लागते हे मला पुस्तकातून ठाऊक. चौऱ्याण्णव साली भारतशी लग्न होऊन मी मळ्यात आले आणि पंधरा दिवसांतच माझी फजिती झाली. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा लाल माठ व्हायचा. तो धुतला की हौदाचं पाणी तांबडं, चिरला की बोटं तांबडी, जेवलं की ताटाला नि भाकरीला तोच रंग. एके सकाळी मी परसाकडे जाऊन आले ती रडवेली होऊनच. मला काहीतरी भयंकर झालंय आणि ते नव्या घरात सांगायचं कोणाला, हे कळेना. शेवटी धीर करून आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. माठ खाल्ला तो तसाच निघाला, त्यात रडायचं काय, म्हणाल्या, आणि संध्याकाळी तात्यांना सोडून सगळ्या आळीला त्यांनी ते सांगितलं. मळ्यातल्या घरांतून प्रत्येक पोर एकदा असं घाबरतं आणि एकदा असंच हसण्यावारी नेलं जातं. एखाद्या शहरातल्या माणसाने तसलं काही पाहिलं असतं तर तो धावत दवाखान्यात गेला असता. आमच्या घरात लाल रंगाची भीती कोणालाच राहिलेली नव्हती.

शहाण्णव साली तात्या सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांना बरेच दिवस अधूनमधून रक्त पडत होतं. मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवून ते कोणाकडून तरी आणलेली पुडी ताकातून घेत होते. चालताना दम लागायला लागला तेव्हा भारतने त्यांना शहरात नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आतड्याच्या आतल्या अंगाला मांसाचा कोंब वाढलाय असं निदान केलं. डॉक्टर समजावून सांगणारे होते. कोंबाला देठ आहे, तारेचा फास टाकून देठापाशी कापू आणि तिथेच डाग देऊ, पोट उघडायची गरज नाही, असं ते म्हणाले. देठ म्हटल्यावर तात्यांना सगळं समजलं.

कोंब काढला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना डॉक्टरांनी आम्हा चौघांना समोर उभं केलं. कापल्या जागी खपली धरते, ती पाच-सात दिवसांनी, कधी दहा-बारा दिवसांनीही सुटते, आणि तेव्हा खालची शीर उघडी पडू शकते. म्हणून दोन आठवडे ओझं उचलायचं नाही, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. एखादा थेंब दिसला तर घाबरू नका, मला कळवा. पण लाल धार पडली, गाठी पडल्या, डांबरासारखं काळं झालं, घेरी आली, घाम फुटला, छाती धडधडली, तर वाट बघत बसायचं नाही, निघून यायचं. आम्ही चौघांनी माना डोलावल्या. खाण्यात हलकं द्या, इतकंच ते म्हणाले. आमच्या ताटात आठवड्यातून तीनदा काय असतं हे त्यांना कसं माहीत असणार, आणि आम्हालाही ते सांगायचं सुचलं नाही.

पहिले चार दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून होतो. पाचव्या दिवसापासून सैल पडलो. जखम म्हटली की ती रोज थोडी बरी होते, असंच आपण धरून चालतो. इथे उलट होतं, खपली सुटायचे दिवस तर आत्ता सुरू होत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. सातव्या दिवशी तात्या मुगाच्या खिचडीला वैतागले आणि माठ मागितला. आत्याबाई म्हणाल्या, कर. मी लसणाची फोडणी देऊन केला. तात्या दीड भाकरी जेवले आणि सुनेच्या हाताला आता चव आली म्हणाले. त्यांनी माझी केलेली ती शेवटची तारीफ.

दुसरा दिवस बुधवार, गंगेवरच्या मोठ्या बाजाराचा. तेव्हा आमच्याकडे सगळेच टमरेल घेऊन अंधारात ओढ्याकडे जायचे. अंधारात काही दिसत नाही, आणि मागे वळून बघायची तर कोणालाच सवय नव्हती. उजाडल्यावर आत्याबाई बाजाराला गेल्या, भारत लांबच्या वाफ्यांना पाणी द्यायला गेला, मी सकाळच्या शाळेत. साडेबाराला परत आले तर तात्या ओट्यावर आडवे पडलेले. चेहरा मातकट आणि कपाळावर घाम. एप्रिलचं ऊन होतं. काय होतंय विचारलं तर ऊन लागलं असेल म्हणाले. मी लिंबाचं सरबत करून दिलं. ते घोटभर पिऊन त्यांनी विचारलं, "तुझी सासू आली का?"

येतील तीन-साडेतीनपर्यंत, असं मी सांगितलं. त्यानंतर ते टमरेल घेऊन दोनदा मागे गेले, भिंतीला धरत धरत. मी ते पाहिलं. पण डोक्यावर पदर घेऊन समोर उभी असलेली सून सासऱ्याला असलं काही विचारत नाही आणि सासरा सुनेला सांगत नाही. आमच्याकडची ही रीत मी माहेराहून आणलेली नव्हती. इथे येऊन शिकले होते, आणि नेमकी तीच त्या दिवशी अगदी मन लावून पाळली.

आत्याबाई आल्या तेव्हा तात्या त्यांच्याशी बोलायला म्हणून उठले आणि ओट्यावरून खाली कोसळले. तेव्हा कुठे आम्हाला धोतर दिसलं. झुंबर नावाच्या शेजाऱ्याच्या टेम्पोत, भाजीच्या रिकाम्या पोत्यांवर त्यांना निजवून नेलं. रक्ताची बाटली आणायला भारत धावला. ती येईपर्यंत दिवेलागणी झाली होती आणि तात्या गेले होते.

हे कधीपासून होत होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. मग काय खाल्लं होतं, असं विचारलं. मी म्हटलं, लाल माठ, मी केला होता. ते म्हणाले, "मग तुम्हाला रंग कळला नसेल." माझ्यावर दोष ठेवायला ते बोलले नव्हते. पण ते वाक्य मी घेऊन घरी आले. माठाने रक्त वाहत नाही, एवढं मला समजत होतं. पण मी तो केला नसता तर लाल दिसल्याबरोबर तात्यांनी कोणाला तरी हाक मारली असती. त्यांनी पाहिलं, माठ आहे असं समजले आणि गप्प बसले. ती समजूत मी रांधून त्यांच्या ताटात वाढली होती. हा हिशोब मी कितीदा तरी करून पाहिला, उत्तर तेच यायचं.

तेरावा झाल्यावर आत्याबाईंनी डब्यातलं माठाचं सगळं बी काढून कोंबड्यांपुढे टाकलं. त्यानंतर मळ्यात माठ लागला नाही. गिऱ्हाईकाने मागितला तर, आमी माठ लावत नाय, एवढंच सांगायच्या. घरात मला एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. खरं सांगते, त्यांनी एकदा तोंड सोडून शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. पण त्यांनी हसणं सोडलं, जास्तीचं बोलणं सोडलं. संध्याकाळी मी ताट वाढायचे, त्या खाली मान घालून जेवायच्या आणि पुन्हा काही मागायच्या नाहीत. वाढते का अजून, म्हटलं तर हात आडवा धरायच्या. माझ्या हातचं त्यांच्या घशाखाली उतरत नाही, असं मी धरून चालले. त्याचा मला अपमान वाटायचा, आणि अपमान वाटल्याची लाजही वाटायची.

मग ते पांढरं भांडं आलं. त्यापाठोपाठ आत्याबाईंचा एक नवाच स्वभाव बाहेर आला. बाजारात शेजारी बसणाऱ्या पुतळाबाईने एकदा मूळव्याधीवर झाडपाला विचारला, तर तिची पाटी दुसरीच्या हवाली करून तिला हाताला धरून त्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ती खरोखर मूळव्याधच निघाली. पुतळाबाई महिनाभर बोलली नाही, पण यांना त्याचं काही वाटलं नाही.

तात्या गेले त्या दिवशी डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. असे कोंब घराण्यात चालत येतात, मुलाला चाळिशीच्या आत तपासून घ्या. भारत ते विसरला, मीही विसरले. आत्याबाईंनी मात्र त्याच्या वयाची वर्षं मोजत आणली. दोन हजार सातमध्ये भारत एकोणचाळीसचा झाला आणि त्यांनी त्याच्यामागे टुमणं लावलं. तो आज-उद्या करत राहिला. तेव्हा एके दिवशी आत्याबाई बाजाराला गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. भरल्या वाफ्यात मेथीला फूल यायला लागलं, कोथिंबीर जून झाली, आणि त्या ओट्यावर हात बांधून बसून राहिल्या. चौथ्या दिवशी भारत निमूटपणे जाऊन तपासून आला. दोन कोंब निघाले. त्यातला एक चांगला बोराएवढा होता.

या वेळच्या डॉक्टरांनी ते काढून, काय काय सांभाळायचं याचा छापील कागद हातात दिला. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. रोज संध्याकाळी त्या मला तो कागद मोठ्याने वाचायला लावायच्या, जणू आज त्यात काही नवं निघणार होतं. घरात लाल काही शिजेना. टोमॅटो बंद, गाजर बंद, बीट बंद. आणि वर एक फर्मान काढलं. भारतने संडासात जाऊन आल्यावर पाणी टाकायचं नाही. हाक मारायची. त्या येऊन शंभरच्या दिव्याखाली बघणार, मग पाणी टाकायचं.

दोन मुलांचा बाप असलेला माणूस. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने हात जोडले, दुसऱ्या दिवशी चिडला, तिसऱ्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून हाक मारायला लागला. आत्याबाई यायच्या, वाकून बघायच्या, ठीक हाय म्हणायच्या आणि जायच्या. त्यांना ना किळस, ना संकोच. मुलं शाळेत सांगतील म्हणून मी धास्तावलेली असायचे.

आठव्या दिवशी संध्याकाळी जेवताना माझा तोल गेला. मी मुळात फटकळ, त्यात आठ दिवस दाबून ठेवलेलं. आता पुरे करा म्हटलं, आठवडा उलटला, त्यांना लाज वाटते, मला लाज वाटते. आत्याबाई कागदाचं काहीतरी बोलायला लागल्या, दोन आठवडे लिहिलेत ना म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्यांच्या वेळी बघितलं असतंत एवढं, तर?"

त्यांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला, हात धुतला आणि उठून गेल्या. आपण काहीतरी वाईट बोललो एवढं मला कळलं. पण माफी मागायला जीभ वळली नाही, शिवाय मनातून वाटत होतं की मी खोटं काय बोलले.

नवव्या दिवशी सकाळी भारतने हाक मारली नाही. पाणी टाकून बाहेर आला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. कालच्या भांडणाचा त्याला आधार मिळाला होता. आत्याबाई हौदाजवळ बसून मेथीच्या जुड्या बांधत राहिल्या. मी शाळेला निघायच्या तयारीत होते, डबा भरून पिशवीत टाकला होता. त्यांच्या हातांचं काम चालू होतं पण डोळे भारतवर होते, हे माझ्या लक्षात आलं. तो उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायला. विहिरीकडे गेला आणि येताना सीताफळाच्या झाडाला हात टेकून थांबला. पुढे येऊन पुन्हा बांधावर बसला. जो माणूस भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन धावतो, तो रिकाम्या हाताने चालताना दोनदा थांबला.

"इकडं ये," आत्याबाई म्हणाल्या. "हात दे."

त्याने हात पुढे केला. त्यांनी त्याच्या अंगठ्याच्या नखावर आपलं नख दाबलं आणि सोडलं, बाजारात देठाला लावतात तसं. मीही वाकून पाहिलं. नख पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं, रंग यायला वेळ लागला. तळहात गार आणि ओला होता. आत्याबाई उठल्या, संडासात गेल्या, दिवा लावला. मी त्यांच्या मागे. भांडं धुतलेलं होतं. पण कडेच्या वळणाला, पाणी न पोचलेल्या जागी, नखाएवढी काळपट तांबडी गाठ चिकटलेली होती. त्या पांढऱ्यावर ती दिसल्याशिवाय राहिली नसती. हिरव्या भांड्यात मला ती दिसली नसती, शपथेवर सांगते.

तरीही मी म्हटलं, काहीतरी चिकटलं असेल. अकरा वर्षांपूर्वी माझ्यामुळे काय झालं असं मी समजत होते ते सगळं माहीत असून मी असं म्हटलं. माणसाला घाबरायचं नसतं तेव्हा तो काहीही बोलतो.

आत्याबाईंनी बोट लावलं, ते दिव्याखाली धरलं आणि त्यांच्या माहेरची भाषा तोंडात आली. "हाई रगत शे."

पुढचं सगळं त्यांनीच केलं. बांधलेल्या जुड्या उन्हात तशाच टाकल्या. रस्त्यावर जाऊन ओळखीच्या गोरक्षची रिक्षा अडवली. भारत, एवढं काही नाही, म्हणत होता. त्याला मागच्या सीटवर आडवा केला, डोकं माझ्या मांडीवर, आणि त्या स्वतः खाली फळीवर बसून त्याचे पाय खांद्यावर घेऊन. पंचवटीतून जाताना त्यांची बाजारातली जागा रिकामी दिसली. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. उठून बसायचं नाही, असं त्या भारतला सारखं बजावत होत्या. वाटेत त्याने कबूल केलं की पहाटेपासून तीनदा झालं होतं. पुन्हा ते तपासणं नको म्हणून त्याने लपवलं.

दवाखान्यात मला बोलताच येईना. रोज पन्नास पोरांपुढे बोलणारी मी, भारतला धरून दारापाशीच थांबले. आत्याबाई डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. हात ओले, पदराला मेथीची पानं चिकटलेली.

"कोंब काढून नऊ दिस झाले," त्या म्हणाल्या. "पहाटपासून तीनदा गेलाय, त्यानं लपवलं. काळपट गाठ हाय, म्या बोट लावून पाह्यलं. नखाला रंग नाय, अंग गार. नऊ दिस घरात लाल काय बी शिजलं नाय. हे रगतच हाय, डागदर. आमी माठ खात नाय."

डॉक्टरांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. भारतला आत घेतलं. रक्त चढवायला लावलं, पुन्हा दुर्बीण घातली. खपली सुटून शीर उघडी पडली होती, तिच्यावर बारीक चिमटा बसवला. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि रक्त थांबलंय, वेळेत आणलंत, असं म्हणाले. मी रडायला लागले. आत्याबाई बाकावर तशाच बसून होत्या, हात मांडीवर उताणे ठेवून.

मी रडणं आवरून त्यांच्या शेजारी बसले. कालचं बोलणं चुकलं, म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"चुकलं नाय," त्या म्हणाल्या. "खरंच बोलली तू. त्या बुधवारी त्यांनी सांगितलं व्हतं मला. उजाडल्यावर परत गेले व्हते, तवा दिसलं त्यांना. मला म्हनले, लाल पडतंय, दवाखान्यात जाऊ का. म्या हसले. म्हनलं, रातच्याला माठ खाल्लाय, तो हाय. पाट्या भरून ठेवल्या व्हत्या माझ्या. म्या हसले आन बाजाराला गेले. दिसभर माठ इकला."

मला काही वेळ ते नीट समजलंच नाही. तात्या गप्प बसले नव्हते. ते बोलले होते. दुपारी मला विचारत होते, तुझी सासू आली का, ते यासाठी. समजलं तेव्हा मला आधी कीव आली नाही, राग आला. अकरा वर्षं. अकरा वर्षं मी फोडणीत लसूण टाकताना तो दिवस आठवत होते, आणि ही बाई माझ्यासमोर रोज जेवत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी समजत होते, माझ्यामुळे…"

"ठाऊक व्हतं मला. तू सोताला बोल लावती, ते रोज दिसायचं."

"मग?"

त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. नखांत मेथीचा हिरवा रंग बसला होता.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तू मला ताट वाढलं असतं का?"

खरं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि खोटं त्यांना लगेच कळलं असतं. माझी शाळेची पिशवी खांद्याला तशीच होती. त्यातून मी डबा काढला. झाकणावर एक भाकरी ठेवली, शेजारी मेथीची भाजी वाढली आणि ते झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं. मग खाली मान घालून जेवायला लागल्या. मी बघत बसले. भाकरी संपली तेव्हा त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, अजून अर्धी दे.